फुफ्फुसातील गाठीला बळ कोण देते?

'आमच्या आईने उभ्या आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही. घरात कोणी विडी ओढत नाही. मग तिच्या फुफ्फुसात गाठ आली कशी?' असा प्रश्न राजारामपुरीतील एका वाचकांनी या सदराकडे पाठविला आहे. पत्रात पुढे आणखी दोन गोष्टी आहेत. 'स्टेम सेल'ची इंजेक्शने घेतल्यास फुफ्फुस नव्याने तयार होते, असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे आणि त्यासाठी घर गहाण टाकण्याची त्यांची तयारी आहे. गाठीचा तुकडा काढून तपासण्यास मात्र घरातील वडीलधारी मंडळी राजी नाहीत. गाठीला सुई लागली की ती चेकाळते, असे त्यांचे म्हणणे.

गाठ का झाली, इंजेक्शन घ्यावे का आणि सुई लावावी का, हे तीन प्रश्न वरवर वेगळे दिसतात. त्यांची उत्तरे मात्र एकाच जागी सापडतात. ती जागा म्हणजे फुफ्फुसाची स्वतःची डागडुजी करणारी यंत्रणा. म्हणून आज जरा मुळापासून सांगतो. वाचकांनी थोडा धीर धरावा.

फुफ्फुस म्हणजे हवेची एक मोठी पिशवी, असा आपला समज असतो. खरे तर ते द्राक्षाच्या घडासारखे आहे. त्यात ३० ते ५० कोटी बारीक वायुकोश असतात. त्यांच्या आतल्या भिंतीवर मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या प्रकारच्या पेशी भाकरीसारख्या पातळ थापलेल्या. भिंतीचा सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग त्याच व्यापतात आणि प्राणवायू त्यांच्यातूनच रक्तात जातो. दुसऱ्या प्रकारच्या पेशी गुबगुबीत, कोपऱ्यात बसलेल्या. वायुकोश मिटून चिकटू नयेत म्हणून त्या एक स्निग्ध पदार्थ स्रवतात. पण त्यांचे एवढेच काम नाही. न्यूमोनियाने किंवा धुराने पातळ पेशी मेल्या, की या कोपऱ्यातल्या पेशी विभागू लागतात आणि त्यांच्यापैकी काहींचे रूपांतर पातळ पेशींत होते. अशा राखीव पेशींना 'स्टेम सेल' म्हणतात. आपण त्यांना मूळपेशी म्हणू. श्वासनलिकांच्या अस्तरातही तळाशी अशाच मूळपेशी असतात.

भिंत पडली की गवंडी येतो, लिंपून देतो, थापी धुतो आणि घरी जातो. मूळपेशींचे तसेच आहे. वाढणे त्यातले सोपे काम, वेळेवर थांबणे अवघड. कधी सुरू व्हायचे, कधी थांबायचे आणि थांबल्यावर कोणते रूप घ्यायचे, हे पेशीतील जनुके ठरवितात. जनुके सर्व पेशींत तीच असतात. त्वचेच्या पेशीत काही चालू असतात, यकृताच्या पेशीत दुसरी. मूळपेशीत ज्यांची बटणे चालू असतात, ती जनुके पेशीला 'तरुण' ठेवतात. म्हणजे पुन्हा पुन्हा विभागण्याची ताकद देतात आणि प्रौढ होऊन एका कामाला जुंपून घेण्यापासून रोखतात.

या जनुकांची ताकद किती, हे २००६ साली जपानमधील क्योटोच्या शिन्या यामानाका आणि त्यांचे सहकारी काझुतोशी ताकाहाशी यांनी दाखवून दिले. उंदराच्या त्वचेतील प्रौढ पेशीत त्यांनी फक्त चार जनुके घातली आणि ती पेशी मूळपेशी बनली. यामानाका यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक इंग्लंडच्या जॉन गर्डन यांच्यासमवेत मिळाले. आता त्या चार जनुकांची नावे पाहा : ऑक्ट-४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. यातले सी-मिक हे कर्करोगतज्ज्ञांच्या फार जुन्या ओळखीचे. गाठीला बेफाम वाढविणारे म्हणून ते आधीपासूनच बदनाम होते. पुढच्याच वर्षी यामानाका यांच्याच प्रयोगशाळेने कळविले की, अशा पेशींपासून जन्मलेल्या उंदरांपैकी काहींना गाठी झाल्या आणि त्या गाठींत हे मिक पुन्हा जागे झालेले होते. सॉक्स-२ हे गर्भात श्वासनलिका घडविणारे आणि मोठेपणी तिच्या तळपेशी टिकविणारे जनुक. २००९ साली असे आढळले की, फुफ्फुसाच्या कर्करोगाचा जो प्रकार श्वासनलिकेच्या अस्तरातून येतो, त्यातील अनेक गाठींत या जनुकाच्या नको इतक्या प्रती तयार झालेल्या असतात. एका आदेशाऐवजी दहा आदेश. गवंडी काम संपले तरी भिंतीवर भिंत चढवीत बसतो.

म्हणजे गाठ ही बाहेरून आलेली बला नव्हे. फुफ्फुस बरे करणारी आपलीच जनुके ती वापरते. म्हणून तिच्यावर इलाज अवघड. जंतूला मारायचे तर तो परका असतो. येथे मारायचे ते घरातलेच माणूस.

गाठीतील सर्व पेशी सारख्या नसतात, हेही समजून घेतले पाहिजे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. शर्मिला बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली अंडाशयाच्या कर्करोगावर एक संशोधन प्रसिद्ध केले. रुग्णेच्या पोटात साचलेल्या पाण्यातून मिळालेल्या नाना तऱ्हेच्या पेशींतून त्यांनी नवी गाठ उपजवू शकणारी पेशींची एक वंशावळ वेगळी काढली. तिची लक्षणे मूळपेशींशी जुळणारी होती. फुफ्फुसाबाबत २०१७ साली अमेरिकेत उंदरांवर झालेले काम याच्याही पुढचे आहे. गाठीतल्या थोड्या पेशी मूळपेशींसारख्या वागतात आणि त्यांच्या शेजारच्या पेशी त्यांना 'वाढा, वाढा' असा रासायनिक निरोप सतत देत राहतात, असे त्यात दिसले. शेतकरी वाचकांना हे पटकन समजेल. हरळी वरून कितीही कापली तरी काशी जमिनीत राहिली, की पुढच्या पावसात रान पुन्हा हिरवे. केमोथेरपीने गाठ निम्मी झाली म्हणून पेढे वाटावेत आणि वर्षाच्या आत ती पुन्हा डोके वर काढावी, हा अनुभव कितीतरी कुटुंबांना येतो. त्यामागची काशी ती हीच.

आता त्या आईंचा प्रश्न. तंबाखू नाही, तरी गाठ का?

फार जुनी गोष्ट आहे. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये आयझॅक बेरेनब्लम हे संशोधक उंदरांच्या त्वचेवर प्रयोग करीत होते. कर्करोगकारक द्रव्य अगदी थोडे लावले, तर गाठ सहसा होत नसे. नंतर त्याच जागी वरचेवर एक दाहक तेल लावले, की गाठी उगवत. ते तेल होते जमालगोट्याचे. आपल्याकडे रेचक म्हणून वैद्यांना ठाऊक असलेला तोच जमालगोटा. नुसते तेल लावून गाठी क्वचितच होत. यावरून दोन पायऱ्या कळल्या. पहिली, जनुकात बिघाड होणे. दुसरी, सततच्या दाहाने ती बिघडलेली पेशी जागी होणे.

हा जुना विचार २०२३ साली लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने थेट फुफ्फुसात तपासला. गाठ नसलेल्या, निरोगी दिसणाऱ्या फुफ्फुसांचे २९५ नमुने पाहिले, तेव्हा १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआर या जनुकाचा आणि ५३ टक्के नमुन्यांत केरास या जनुकाचा कर्करोगी बिघाड आधीच बसलेला आढळला! वय वाढते तसे असे बिघाड आपोआप साचत जातात. बहुतेकांचे त्याने काही बिघडत नाही. पण अशा उंदरांना हवेतील बारीक धूळ हुंगायला लावली, तेव्हा फुफ्फुसातल्या भक्षक पेशी तेथे धावल्या आणि त्यांनी इंटरल्युकिन-१-बीटा नावाचे दाहाचे रसायन सोडले. त्या रसायनाने वायुकोशातल्या कोपऱ्यातील पेशींची डागडुजीची जनुके जागी केली आणि बिघडलेल्या पेशींतून गाठी झाल्या. ते रसायन अडविले, तर गाठी कमी झाल्या. यावरून कोणी लगेच औषध मागू नये. त्या रसायनाला रोखणारे औषध कर्करोग झालेल्या माणसांना देऊन पाहिले गेले आहे आणि मोठ्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही. जागे करणाऱ्याला आधी रोखणे वेगळे आणि आग लागल्यावर काडेपेटी जप्त करणे वेगळे.

त्या मातोश्रींनी कोणतेही पाप केलेले नाही, हे त्यांच्या मुलांनी आधी ध्यानात घ्यावे. बिघाड वयाने झाला असेल, जागे करायला धूर पुरेसा आहे. आणि धुराची आपल्याकडे काय वाण आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर २०१२ साली आणि बाहेरची प्रदूषित हवा २०१३ साली निश्चित कर्करोगकारक ठरविली. लाकूडफाट्याच्या चुलीचा धूर 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात आहे. लोखंडाच्या फाउंड्रीतील काम आणि वाळूची बारीक धूळ या दोन्ही गोष्टी निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत कित्येक वर्षे आहेत. राजारामपुरीला लागून उद्यमनगर आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावला भट्ट्या आहेत. फाउंड्री हा कोल्हापूरचा अभिमान आहे आणि असावाही. पण साचे फोडणाऱ्या, कास्टिंग घासणाऱ्या कामगाराच्या तोंडाला रुमाल बांधला म्हणजे काम झाले, असे मालकांनी समजू नये. रुमालातून ही धूळ सहज आत जाते. धूळ ओढून घेणारी यंत्रे आणि नेमके बसणारे मास्क यांचा खर्च कामगाराच्या छातीपेक्षा स्वस्तच पडेल. गुऱ्हाळावर चुलाण्याला जाळ घालणाऱ्या माणसाचा विचार तर कोणी करीतच नाही.

तंबाखूला मी यातून मोकळे सोडलेले नाही. निपाणीच्या बाजारपेठेवर आपल्या भागातील किती संसार चालले, हे मला ठाऊक आहे. तरीही विडी आणि सिगारेट बिघाडही करतात आणि दाहही करतात. बेरेनब्लमच्या दोन्ही पायऱ्या त्या एकट्याच चढवितात.

आता इंजेक्शनांकडे वळू. वर सांगितलेले सारे ध्यानात घेतले, तर उत्तर वाचकांना आपोआप सुचेल. ज्या रोगात मूळपेशींची जनुके मोकाट सुटली आहेत, त्या रोगात आणखी मूळपेशी सोडून काय साधणार? रक्ताच्या कर्करोगात मूळपेशींचे रोपण हा खरा, सिद्ध उपचार आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी अस्थिमज्जेचे यशस्वी रोपण केले, त्यालाही आता चार दशके झाली. पण तो उपचार रक्त बनविणाऱ्या कारखान्याचा आहे. त्याच्या पुण्याईवर फुफ्फुसाच्या गाठीला, दम्याला, मतिमंदत्वाला, गुडघ्याला एकच सुई विकणे ही शुद्ध लबाडी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यता मिळालेल्या थोड्या रोगांखेरीज मूळपेशींचा वापर केवळ रीतसर परवानगीच्या संशोधन चाचणीतच करता येतो. आणि संशोधन असेल, तर त्याचे बिल रुग्णाच्या माथी मारायचे नसते. तेव्हा 'नवीन संशोधन आहे' आणि 'दोन लाख भरा' ही दोन वाक्ये एकाच तोंडातून आली, की तेथून उठावे आणि घरी यावे.

याउलट ज्या गोष्टीवर खर्च करायला हवा, तेथे आपली माणसे हात आखडतात. ती गोष्ट म्हणजे गाठीचा तुकडा काढून त्यातील जनुके तपासणे. माझ्या मते आजच्या घडीला फुफ्फुसाच्या कर्करोगात याहून महत्त्वाची तपासणी नाही.

टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०१३ साली ९०७ भारतीय रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. वायुकोशांकडून येणाऱ्या प्रकारचा कर्करोग असलेले हे रुग्ण. त्यांतील सुमारे २३ टक्के रुग्णांत ईजीएफआर जनुकात बिघाड होता आणि तंबाखू न ओढणाऱ्यांत हे प्रमाण ओढणाऱ्यांपेक्षा जास्त होते. हे जनुक म्हणजे पेशीच्या दारावरची घंटा. बाहेरून कोणी वाजविली, की आत वाढीचा हुकूम जातो. बिघाड झाला, की बटण आतच अडकते आणि घंटा वाजतच राहते. गेफिटिनिबसारख्या गोळ्या नेमके हे अडकलेले बटण सोडवतात. गोळी रोज एक, घरी बसून घ्यायची. केस जात नाहीत. भारतात ती अनेक कंपन्या बनवितात आणि आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ती आहे. त्याच रुग्णालयाने २०२० साली ३५० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. नुसत्या गेफिटिनिबने रोग सरासरी ८ महिने आटोक्यात राहिला. गोळीबरोबर केमोथेरपी दिली, तर १६ महिने. त्रासही वाढला, हे लपवून चालणार नाही. हा पसरलेल्या रोगाचा हिशेब आहे आणि त्यात रोग मुळासकट जात नाही. पण ज्या कुटुंबात मुलीचे लग्न ठरलेले आहे, धाकट्याची परीक्षा आहे, तेथे ८ चे १६ महिने होणे म्हणजे काय, हे आकड्यांत सांगता येत नाही. ज्यांच्यात हा बिघाड नाही त्यांना मात्र ही गोळी सहसा लागू पडत नाही. म्हणून शेजारच्याला गुण आला म्हणून आपणही घेऊ, असे येथे चालत नाही. आधी नाव कळले पाहिजे. ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ ही नावे रुग्णाच्या मुलाने चिठ्ठीवर लिहून घ्यावीत आणि डॉक्टरांना विचारावे, 'साहेब, यांची तपासणी झाली का?' त्यात संकोच कसला? तुकडा पुरेसा नसेल, तर काही वेळा रक्तातूनही ही तपासणी होते.

सुई लागल्याने गाठ चेकाळते, ही समजूत कशी पडली असावी, ते दिसते. तुकडा काढेपर्यंत बहुधा रोग बराच पुढे गेलेला असतो. मग जे व्हायचे ते होते आणि बोल सुईला लागतो. सुईच्या वाटेने पेशी पसरल्याचे प्रकार अत्यंत विरळा आहेत. क्वचित छातीत हवा शिरणे किंवा थोडे रक्त येणे, हे धोके खरे आहेत आणि ते डॉक्टर आधी सांगतातच. न तपासता अंधारात औषध घेण्याचा धोका याहून कितीतरी मोठा. गोळी लागू पडेनाशी झाली, तर दुसऱ्यांदा तुकडा काढावा लागतो, हेही मनाची तयारी म्हणून सांगून ठेवतो. गाठ मूळपेशींची विद्या वापरते, त्यामुळे तिला वेषांतरही जमते. काही रुग्णांत एका प्रकारची गाठ उपचाराच्या काळात चक्क दुसऱ्या प्रकारची बनते आणि मग औषधही बदलावे लागते.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला, की 'टीबी' म्हणून औषध सुरू होते. टीबी आपल्याकडे भरपूर आहे, तेव्हा आधी तिचा संशय येणे गैर नाही. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासावीच; सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत, महिना-दीड महिना औषध घेऊन वजन घटतच आहे, आवाज बसला आहे, थुंकीतून रक्त येते आहे, खांदा सतत ठणकतो आहे, तर सहा महिन्यांचा कोर्स पुरा होण्याची वाट पाहू नये. सीटी स्कॅन आणि दुर्बिणीची तपासणी मागून घ्यावी. गाठ लहान असताना सापडली, तर शस्त्रक्रियेने ती काढून टाकता येते आणि तेव्हा रोग खरोखर बरा होण्याची आशा असते. पुढे गेल्यावर ती संधी उरत नाही.

'आता साठी उलटली, चाळीस वर्षे विडी ओढली, सोडून काय उपयोग?' असे म्हणणारे आजोबा राजारामपुरीच्या दर गल्लीत एक तरी सापडतील. त्यांच्यासाठी एक बातमी आहे. २०२० साली इंग्लंडमधील संशोधकांनी १६ व्यक्तींच्या श्वासनलिकांतील पेशी एकेक करून तपासल्या. ओढणाऱ्यांच्या बहुतेक पेशींत हजारो बिघाड होते. पण ज्यांनी ओढणे सोडले होते, त्यांच्या २० ते ४० टक्के पेशींत बिघाड जवळपास कधीच न ओढणाऱ्यांइतके कमी होते. चालू ओढणाऱ्यांच्या मानाने अशा चांगल्या पेशी चौपट. धूर थांबला, तेव्हा कुठेतरी सुरक्षित राहिलेल्या निरोगी मूळपेशी पुढे आल्या आणि त्यांनी अस्तर पुन्हा विणायला घेतले, असा त्याचा अर्थ लावला जातो. यासाठी कोणाला इंजेक्शन द्यावे लागले नव्हते आणि कोणी दोन लाखही भरले नव्हते.